काँक्रीटच्या पोटातले धागे

रात्री साडेअकराला रस्त्याचं एक टोक पत्रे लावून बंद झालेलं असतं. जुन्या डांबराचा वरचा थर मशीनने खरवडून काढलाय. उरलेल्या डांबरावर कॉम्प्रेसरचा पाइप धरून एक पोरगा धूळ उडवतोय आणि त्याच्यामागून दुसरा पाण्याचा हलका फवारा मारत येतोय. डांबर ओलं हवं, पण त्यावर पाणी साचलेलं चालत नाही. साचलं की मुकादम खराटा घेऊन स्वतः धावतो. ठाण्यात गेल्या काही वर्षांत अनेक रस्ते याच पद्धतीने झाले. कागदोपत्री तिचं नाव अल्ट्रा थिन व्हाइट टॉपिंग, बोलण्यात ‘यूटीडब्ल्यूटी’. जुन्या डांबराच्या पाठीवर काँक्रीटचा पातळ थर चढवायचा, एवढाच तिचा अर्थ.

पहिली गाडी येते. साइटवर ट्रान्झिट मिक्सरला कुणी ट्रान्झिट मिक्सर म्हणत नाही, ती ‘गाडी’ असते आणि तिच्या पोटातलं काँक्रीट म्हणजे ‘माल’. मागच्या शिडीवरून एक कामगार वर चढतो. त्याला खालून एकेक पिशवी दिली जाते आणि तो ती ड्रमच्या तोंडात रिकामी करतो. पिशवीतून पडतात ते पांढरट, चपटे, बोटाच्या दोन पेरांएवढे धागे. नायलॉनचा जुना दोर कुणी बारीक कापून ठेवावा तसे दिसतात. हे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे साखरेची पोती आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या ज्याच्या होतात तेच प्लॅस्टिक.

“सगळ्या एकदम ओतू नकोस रे, गोळे होतील,” मिस्त्री खालून ओरडतो.

गोळ्यांची भीती खरी आहे. धागे एकदम पडले की एकमेकांत गुंततात, खडी आणि सिमेंट त्यांच्या आत शिरत नाही, आणि चिमणीच्या घरट्यासारखा एक पोकळ गुंता रस्त्यात कायमचा पुरला जातो. म्हणून पिशव्या अंतराने टाकायच्या आणि मग ड्रम काही मिनिटं पूर्ण वेगाने फिरवायचा. ड्रायव्हरला ही मिनिटं जिवावर येतात. त्याला रिकामा होऊन परत प्लांटवर जायचं असतं.

सहा घनमीटरच्या गाडीत साधारण साडेचौदा टन माल असतो. घनमीटरला तीन किलो या हिशेबाने त्यात पडतात अठरा किलो धागे. वजनात पाहिलं तर आमटीतल्या हिंगाएवढेसुद्धा नाहीत. पण पन्नास मिलिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असा धागा धरला, तर एका घनमीटरात दीड लाखाच्या वर धागे होतात, आणि गाडीत नऊ-दहा लाख. ते आडवे, उभे, तिरके, कसेही पसरलेले असतात. सळईला जागा ठरवून द्यावी लागते. धाग्याला ठरलेली जागाच नसते आणि त्याचं बळ त्यातच आहे.

काँक्रीटला दाबा, ते सोसतं. वाकवा, ते तुटतं. रस्त्याला लागणाऱ्या एम-४० प्रतीच्या काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन असते, पण वाकताना ते साडेचारच्या आसपासच हात टेकतं. ट्रकचं चाक स्लॅबच्या कोपऱ्यावर आलं की स्लॅब वाकतोच. शिवाय दिवसा वरून तापतो, रात्री वरून गार होतो, आणि सुकताना आकसतो तो वेगळाच. या सगळ्याचा ताण एकत्र आला की भेग पडते.

ठिसूळ वस्तूत तंतू मिसळण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच. मातीच्या भिंतीला भुसा-गवत मिसळल्याशिवाय गावात कुणी हात लावत नसे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष सापडल्याचा शोधनिबंध २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला, तेव्हा वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. बांधकामवाल्यांना त्याचं फारसं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. सिमेंटच्या बाबतीत मात्र या विषयाला शास्त्रीय रूप यायला १९६३ उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत जेम्स रोमुआल्डी आणि गॉर्डन बॅटसन यांनी काँक्रीटमधल्या पोलादी तारांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी गोल्डफाइन नावाच्या संशोधकाने अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेसाठी सिमेंटमध्ये प्लॅस्टिकचे तंतू घालून पाहिले. योगायोग असा की पॉलिप्रॉपिलीन घडवणाऱ्या जुलिओ नाट्टा यांना कार्ल झीग्लर यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेही १९६३ मध्येच.

इथे एक घोळ निस्तरायला हवा, कारण निम्मे वाद त्यातूनच होतात. ‘फायबर टाकलंय’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू लपतात.

पहिली मायक्रो फायबर. केसाहून बारीक, सहा ते वीस मिलिमीटर लांबीची, हातात घेतली तर कापसासारखी मऊ. घनमीटरला साधारण ९०० ग्रॅम पुरतात. आकडेमोड करून पाहावी म्हणजे अचंबा वाटतो. बारा मिलिमीटर लांब आणि तीस मायक्रॉन जाड धागा धरला तर ९०० ग्रॅममध्ये अकरा-बारा कोटी धागे बसतात, आणि ते टोकाला टोक जोडले तर १,४०० किलोमीटर होतात. एका घनमीटर काँक्रीटमध्ये मुंबई ते दिल्ली! पण या सैन्याची लढाई पहिल्या काही तासांचीच असते. ताजं काँक्रीट ओलं असतं, त्यातलं पाणी हळूहळू वर येतं आणि वारा ते उडवून नेतो. चौरस मीटरमागे ताशी एक किलोच्या पुढे पाणी उडायला लागलं की वरचा पापुद्रा आकसून चिरतो, भर उन्हात तळ्याचा गाळ चिरतो तसा. त्या वेळी काँक्रीट इतकं कोवळं असतं की केसाएवढा धागासुद्धा त्याला आवरतो. पुढे काँक्रीट कठीण झालं की पारडं फिरतं. एम-४० काँक्रीटचा ताठपणा पॉलिप्रॉपिलीनच्या कित्येक पट होतो आणि बारीक धागा त्याच्यापुढे रबरासारखा ठरतो.

दुसरी मॅक्रो फायबर, ती वर शिडीवरून ओतली जात होती ती. चाळीस ते पंचावन्न मिलिमीटर लांब, अंगावर खाचा किंवा पीळ, घनमीटरला दोन ते पाच किलो. ही पहिल्या दिवशी फारसं काही करत नाही. भेग पडेपर्यंत ती आहे की नाही हेही कळत नाही. भेग पडली की दोन्ही काठांत रुतलेले शेकडो धागे ताणले जातात, सरकताना घासतात आणि भेग उघडू देत नाहीत. मायक्रोच्या पुड्या टाकून मॅक्रोच्या कामाची आशा धरणं म्हणजे छत्री घेऊन पुरात उतरणं. तरीही कामाच्या कागदावर नुसतं ‘फायबर’ लिहिलेलं दिसतं, लांबी नाही, मात्रा नाही. मग बाजारात जे स्वस्त ते पडतं.

फरक डोळ्यांनी पाहायचा तर प्रयोगशाळेत जावं. दीडशे मिलिमीटर चौरस छेदाची काँक्रीटची तुळई यंत्रात दोन टेकूंवर ठेवतात आणि वरून दोन ठिकाणी दाबतात. साधी तुळई काही वेळ काहीच सांगत नाही, मग टाकदिशी आवाज होतो आणि दोन तुकडे ट्रेमध्ये पडतात. आलेख सरळ वर जातो आणि कड्यावरून कोसळतो. मॅक्रो फायबरची तुळईसुद्धा जवळपास तेवढ्याच भाराला तडकते. हे ऐकून अनेकांचा विरस होतो, कारण त्यांची अपेक्षा ‘मजबुती’ वाढेल अशी असते. पण ती पडत नाही. भार खाली येतो, कुठेतरी थांबतो आणि तुळई वाकत, कुरकुरत तो धरून राहते. साडेचारशे मिलिमीटरच्या गाळ्यात मधोमध तीन मिलिमीटर वाक येईपर्यंत हे मोजलं जातं. तडकल्यानंतर उरलेली ही ताकद, तिलाच अभियंते फायबरची खरी किंमत समजतात. शेवटी तुळई यंत्रातून काढतात तेव्हा खालची भेग नख शिरेल एवढी रुंद असते आणि तिच्यात पांढरे धागे जखमेच्या टाक्यांसारखे दिसतात.

मग इमारतीच्या तुळईत सळईऐवजी हेच का टाकत नाहीत? प्लॅस्टिकवर सतत भार राहिला की ते सावकाश लांबत जातं, म्हणून. रस्त्याचं तसं नाही. त्याच्याखाली जमीन आहे, चाक येतं आणि जातं. तडा गेला तरी स्लॅब कोसळून पडायला खाली जागाच नाही, फक्त तुकड्यांनी एकमेकांना धरून राहायला हवं. पोलादी तारांची फायबरही असते आणि तिची ताकद जास्त, पण घनमीटरला वीस-तीस किलो लागते आणि पृष्ठभागाशी आलेली तार गंजते. कोकणच्या खाऱ्या हवेत प्लॅस्टिकचं पारडं इथे जड होतं.

पातळ थराला तर धाग्यांची खास गरज पडते. जाड काँक्रीट रस्त्यात दर साडेचार मीटरच्या आसपास सांधा असतो आणि सांध्यात गुळगुळीत लोखंडी दांडे, म्हणजे डोवेल, जे एका स्लॅबचा भार दुसऱ्याकडे पोचवतात. शंभर मिलिमीटरच्या थरात तो दांडा ठेवायचा कुठे? म्हणून सांधे मीटर-मीटरवर कापतात, रस्त्याचा चौकटींचा कागद करून टाकतात. स्लॅब लहान म्हणजे वाकही कमी. सांध्यातली जबाबदारी खडीच्या खडबडीत दातांवर आणि धाग्यांवर.

हा प्रयोग पहिल्यांदा नीट झाला तो १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात. जागा निवडली होती कचराभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याची. पन्नास आणि नव्वद मिलिमीटरचे थर आणि वरून रोज शेकडो कचऱ्याचे ट्रक. यापेक्षा निष्ठुर परीक्षक मिळाला नसता. पुढे १९९७ मध्ये मिनेसोटातल्या एमएनरोड या चाचणी-रस्त्यावर, खऱ्या महामार्गाच्या रहदारीखाली, ७५ ते १५० मिलिमीटरचे फायबरयुक्त थर टाकले गेले. तिथला धडा धाग्यांपेक्षा भूमितीचा निघाला. जिथे चौकटी १.२ मीटरच्या होत्या तिथे ट्रकच्या चाकांची वाट नेमकी सांध्यावरून गेली आणि कोपरे तुटले. चौकट थोडी मोठी करून सांधा चाकाखालून सरकवला, तिथे रस्ता अधिक टिकला. चुकलेली रेघ धाग्याला सांभाळता आली नाही.

आणि मुंबईत मरीन ड्राइव्हचा काँक्रीट रस्ता १९४० च्या सुमाराचा. त्यात एकही प्लॅस्टिकचा धागा नाही, तरी तो अनेक दशकं चालला. फायबर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हे उदाहरण नसतं.

साइटवर तोवर दीड वाजलाय. तरुण अभियंत्याने शंकूत माल भरून उचलला, ढीग किती बसला ते पट्टीने मोजलं. धागे पडले की माल दिसायला घट्ट होतो. व्हायब्रेटर लावला की तो मुकाट्याने बसतो, पण फावडं मारणाऱ्याला ते पटत नाही. इथेच सगळ्यात जुनं पाप घडतं.

“साहेब, थोडं पाणी मारू का? सरकत नाहीये.”

“पाणी नाही. केमिकल मारा.”

पाण्याची एक बादली धाग्यांनी कमावलेलं सगळं घालवू शकते. केमिकलने मात्र जादा पाण्याशिवाय माल सैल होतो. अभियंता गाडीपाशीच उभा राहतो. तो दोन मिनिटं चहाला गेला तर काय होईल हे त्यालाही ठाऊक आणि मिस्त्रीलाही.

माल सपाट करणारा स्क्रीड फिरतो, मग लांब दांड्याचा फ्लोट. वर आलेले धागे फ्लोट दाबून बसवतो, तरी काही उभे राहतातच. त्यानंतर तारेच्या ब्रशने खरखरीत रेघा ओढायच्या, त्या एकाच दिशेने. उलटा ब्रश ओढला की धागे उपटून येतात आणि रस्त्याला दाढी फुटते. ही दाढी टायरखाली काही आठवड्यांत झिजते, असं साइटवर निर्धास्तपणे सांगतात. झिजलेलं प्लॅस्टिक पावसाबरोबर गटारात जातं, तिथून खाडीत. प्रमाण थोडं असेल, पण या हिशेबाचा रकाना अजून कुणाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. हा रस्ता कधीतरी फोडला जाईल तेव्हा त्या राडारोड्यातून धागे वेगळे काढणंही सोपं नाही.

पाणी उडू नये म्हणून पांढरं क्युरिंग कंपाउंड फवारून होतं, आणि पहाटे कटरवाला येतो. ही घटका फसवी. लवकर कापलं तर कोवळ्या काठातून खडी आणि धागे उचकटतात, उशीर केला तर काँक्रीट खाचेची वाट न बघता आपल्या मर्जीने तडकून मोकळं होतं. कटरवाला खिळ्याने पृष्ठभाग ओरखडून पाहतो, मान हलवतो, बिडी ओढतो, पुन्हा ओरखडतो. मग पातं उतरतं. जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा खोल, दोरी धरून, उभं आणि आडवं. कापताना निघणाऱ्या राखाडी चिखलात धाग्यांचे तुकडे तरंगतात. ते वेळेवर धुतले नाहीत तर सांध्यातच थिजतात.

दुसऱ्या दिवसापासून गोणपाट आणि पाणी. गोणपाट सुकलं की शेजारच्या इमारतीचा वॉचमनसुद्धा पाइप धरतो, रस्ता लवकर सुरू व्हावा म्हणून.

तिसऱ्या दिवशी कडेचे लोखंडी चॅनेल काढलेले असतात. मिस्त्री उकिडवा बसतो, उघड्या पडलेल्या कडेवर पाण्याचा हात फिरवतो आणि वाळायची वाट बघतो. पृष्ठभाग सुकतो, पण कापलेल्या खाचेच्या बरोबर खाली केसाएवढी एक ओली रेघ रेंगाळते आणि तळापर्यंत गेलेली दिसते. तिला आडवा एक पांढरा धागा. मिस्त्री नखाने तो ओढून पाहतो. तो येत नाही.

“उतरली,” एवढंच म्हणून तो पुढच्या खाचेकडे सरकतो.