फडताळातील मलमाची नळी

जालना जिल्ह्यात श्रावण-भाद्रपदाचे दिवस म्हणजे लहान मुलांच्या अंगावर फोड येण्याचे दिवस. हवा दमट, अंग घामट, गुडघे खरचटलेले, आणि डास चावला की नखांनी ओरबाडणे हा तर मुलांचा धर्मच. दोन दिवसांत नाकाच्या वा ओठांच्या कडेस बारीक फोड उठतात, फुटतात आणि त्यांवर मधाच्या रंगाची पिवळी खपली धरते. अंबडच्या जुन्या वाड्यात काय किंवा परतूरच्या नव्या घरात काय, एका मुलास असे झाले की आठवड्याभरात त्याची भावंडेही रांगेत येऊन बसतात. मग घरातील वडीलधारे फडताळ उघडून मलमाची नळी काढतात.

ही नळी कशाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. आजोबांच्या टाचेच्या भेगा, सूनबाईंच्या हातावरील तव्याचा चटका, धाकट्याच्या नाकावरील फोड, मधल्याच्या कंबरेवरील गजकर्ण, या सर्वांस तीच नळी, सत्यनारायणाच्या प्रसादासारखी थोडी थोडी!

वर वर्णिलेले फोड स्टॅफिलोकोकस व स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंमुळे होतात. ते थोडे असतील तर म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक आम्लाचे मलम त्यांवर खरोखर गुणकारी आहे. म्युपिरोसिन हे मूळ एका जिवाणूपासूनच मिळविलेले. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार. जिवाणूस आपली प्रथिने घडविता येऊ नयेत अशी ते व्यवस्था करते. रुग्णालयांत काही शस्त्रक्रियांपूर्वी रोग्याच्या नाकात दडलेला स्टॅफिलोकोकस हटविण्यासही हेच कामी येते. म्हणूनच त्याची धार बोथट होणे परवडणारे नाही. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून हे मलम चिठ्ठीवाचून मिळू लागले. घरोघर त्याचा वापर वाढला आणि त्यास न जुमानणारे जंतूही वाढले. अखेर २००० साली ती मोकळीक बंद करावी लागली.

गजकर्णाची गोष्ट अगदी निराळी. ते बुरशीचे काम. जिवाणूंवरील मलमास ती दाद देत नाही. पिंपरीस १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात हॅमायसिन नावाचे औषध शोधले गेले; ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते त्यास पिंपरीचेच नाव लाभले. ते बुरशीवर चालते, जिवाणूंवर नाही. दोहोंस एकच नळी लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉईड मिसळलेली मलमे. त्यांनी खाज तत्काळ शमते, घरातले खूश होतात आणि आत बुरशी पसरत राहते. २०१८ साली भारत सरकारने त्वचेस लावावयाची अनेक स्टेरॉईडे चिठ्ठीच्या नियमाखाली आणली ती उगाच नव्हे.

आता लावण्याची रीत. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत शोधन व रोपण हे दोन निरनिराळे मानले, आणि आधी शोधन. आपल्याकडे नेमके तेच गाळतात व सुकल्या खपलीवर मलम थापतात. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून खपली मऊ करावी, अलगद पुसून काढावी, आणि मग धुतलेल्या हाताने पातळ थर लावावा. दिवसातून दोन-तीन वेळा, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, बहुधा पाच. तिसऱ्या दिवशी बरे दिसले म्हणून सोडू नये, आणि उरले आहे म्हणून महिनाभरही चोळू नये. मुलाची नखे कापावीत. पंचा व उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. एकत्र कुटुंबात हेच सर्वांत अवघड, कारण न्हाणीघरातील खुंटीवर पंचा एकच! राख, चुना यांचे नावही काढू नये.

फोड अंगभर पसरले, ताप आला, मूल तान्हे असले किंवा मोठे गळू झाले, तर नळीच्या भरवशावर राहू नये. तेथे पोटातून औषध द्यावे लागते, गळवाचा पू काढावा लागतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. स्ट्रेप्टोकोकसचे फोड बरे झाल्यावर तीनेक आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, क्वचित एखाद्या मुलाच्या मूत्रपिंडास सूज येते. सकाळी डोळ्यांभोवती चेहरा फुगलेला आणि लघवीचा रंग चहासारखा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि मागे फोड येऊन गेले होते हे आवर्जून सांगावे. कारण तोवर अंगावर त्यांची खूणही उरलेली नसते.