काटा बिघडलेला नाही!

नववीतल्या कोणत्याही मुलाला न्यूटनचा तिसरा नियम विचारा. क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्याच जोराच्या, पण उलट दिशांना, हे तो एका दमात सांगेल. मग विचारा, ‘ट्रक आणि स्कूटरची टक्कर झाली, तर जास्त जोर कुणावर येईल?’ बहुतेक मुले म्हणतात, ‘स्कूटरवर.’ म्हणजे नियम पाठ आहे, पण पटलेला नाही. तो पटवायला खडू-फळा पुरत नाही.

रद्दीवाले वापरत तसे, आकडा असलेले दोन ताणकाटे घ्या आणि एकमेकांत अडकवा. एक वर्गातल्या पैलवानाच्या हाती द्या, दुसरा एखाद्या किडकिडीत मुलीच्या. ओढण्याआधी ‘कुणाचा काटा जास्त दाखवेल?’ असे सगळ्यांना विचारा आणि उत्तरे फळ्यावर लिहून ठेवा. ही पायरी गाळू नका. आपला अंदाज पणाला लागल्याशिवाय मुले काट्याकडे नीट पाहत नाहीत. दोघे ओढू लागतात आणि दोन्ही काट्यांवर वजन सारखेच! ‘बाई, काटा बिघडलाय!’ अशी ओरड होते. खुशाल काट्यांची अदलाबदल करा. फरक पडत नाही. आता मुलीच्या जागी भिंतीतला खिळा वापरा. भिंत कशाला ओढेल, असे मुलांना वाटते. पण खिळ्याकडचा काटाही तेवढाच ताणलेला दिसतो.

मग एखादे चुणचुणीत मूल विचारते, ‘असे असेल तर रस्सीखेचीत कुणी जिंकते कसे?’ प्रश्न सोन्यासारखा आहे. पैलवानाला मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभे करा, मुलीला रबरी तळाचे बूट घालू द्या. आता तीच त्याला ओढत नेईल. दोर दोघांनाही सारखाच ओढतो. पण पायाने जमिनीला रेटा द्यावा आणि जमिनीने तो परत करावा, हे मोज्यांत जमत नाही.

शाळेच्या कचेरीतून चाकांच्या दोन खुर्च्या मिळाल्या तर फारच छान. दोन मुलांना समोरासमोर बसवा, पाय उचलायला सांगा आणि एकालाच दुसऱ्याला ढकलू द्या. (मागे धरायला मोठे कुणीतरी हवे.) सरकतात मात्र दोघेही, आणि हलके मूल जास्त वेगाने. जोर सारखा, परिणाम वजनाप्रमाणे वेगळा. स्कूटरचे तेच होते.

शेवटी फुगा. ताणून बांधलेल्या दोऱ्यात स्ट्रॉ ओवा, फुगवलेला फुगा तिला चिकटवा आणि तोंड सोडा. सुसाट जातो. ‘त्याची हवा मागच्या हवेला रेटते म्हणून,’ असे मुले सांगतील. खरे तर फुगा आतली हवा मागे ढकलतो आणि तीच हवा त्याला पुढे ढकलते. बाहेर हवा नसली तरी चालते.

मुलांना हसू नका. अमेरिकेतील रॉबर्ट गोडार्ड यांनी रॉकेट चंद्रापर्यंत पोहोचू शकेल, असे मांडले, तेव्हा १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखात त्यांची खिल्ली उडवली होती. निर्वात पोकळीत रॉकेटला रेटायला काही नसते, एवढेही यांना कळत नाही, असा त्याचा सूर होता. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना, त्या पत्राने चूक दुरुस्त करून खेद व्यक्त केला. गोडार्ड १९४५ मध्येच वारले होते.