वर्ध्यातील गांधी: संदर्भ शोधताना

• प्राथमिक साधन: त्या काळातले, घटनेशी थेट संबंधित. पत्रे, ठराव, ‘हरिजन’ साप्ताहिक (१९३३ पासून).

• दुय्यम साधन: नंतरचे लेखन. डी. जी. तेंडुलकरांचे ‘महात्मा’, ८ खंड.

• संकलित वाङ्मय: इंग्रजीत १०० खंड, पहिला १९५८ चा. नंतरच्या सुधारित आवृत्तीत मजकूर गळाल्याचे अभ्यासकांनी दाखवले. ती मागे घेण्यात आली. दोन्हींतले खंडक्रमांक जुळत नाहीत, म्हणून तळटिपेत आवृत्ती नोंदवावीच.

• गल्लत होते ती इथे: ‘भारत छोडो’चा काँग्रेस कार्यसमितीचा ठराव वर्ध्यात, १४ जुलै १९४२. महासमितीची मंजुरी मुंबईत, ८ ऑगस्टला.

• गावाचे नाव: वर्ध्याजवळच्या गांधींच्या आश्रमाच्या गावाचे सेवाग्राम हे नाव १९४० मधले. त्याआधीची पत्रे ‘शेगाव’ या नावाखाली शोधावीत. बुलढाण्याचे शेगाव वेगळे.