मार्बल, ग्रॅनाइट की कोटा? फरशी घेण्यापूर्वी हे वाचा

आपल्या आई-आजींचे अर्धे आयुष्य घर सारवण्यात गेले. शेण गोळा करायचे, माती कालवायची, भिंतींना पोतारा द्यायचा आणि पावसाळा लागला की ओल चढलेल्या जमिनीवरच लेकरांना झोपवायचे. म्हणून कोणी अमरावती-अकोल्यात नोकरीला लागले, चार पैसे शिल्लक टाकून दोन खोल्या बांधल्या, की घरातील बाईची पहिली मागणी चांगल्या फरशीची असते. ही मागणी चैनीची नव्हे. ओल्या पोछ्याने स्वच्छ होणारी कोरडी जमीन ही आरोग्याची आणि माणूस म्हणून नीट जगण्याची गोष्ट आहे.

पण दुकानात गेल्यावर गरज मागे पडते आणि चकाकी पुढे येते. "सोयरे येतीन तं काय म्हनतीन?" या एका प्रश्नापायी घरातील पैसा दगडाच्या तोंडावर खर्च होतो. दगडाखालच्या भरावाला मात्र काही उरत नाही. वऱ्हाडात नेमके उलटे करावे लागते. पैसा आधी जमिनीखाली, मग जमिनीवर. हे कसे, ते या लेखात पाहू.

दगड येतो कोठून?

आपल्या अमरावती-अकोला भागाच्या पोटात बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. याच जातीच्या खडकात अजिंठ्याची लेणी कोरली गेली. पायव्याला आणि गिट्टीला त्याच्यासारखा दगड नाही. परंतु मार्बल आणि ग्रॅनाइट येथे निघत नाहीत, ते बाहेरून ट्रकने येतात. मार्बल राजस्थानातून येतो. मकराणाचा पांढरा दगड ताजमहालाला लागला आणि अजमेर जिल्ह्यातील किशनगड ही मार्बलची मोठी बाजारपेठ आहे. ग्रॅनाइट राजस्थानच्या जालोरहून, आंध्रच्या ओंगोलजवळील चिमाकुर्तीहून, तेलंगणातील करीमनगरहून आणि कर्नाटकातील इलकलहून येतो. हे इलकल म्हणजे आपल्या आजीच्या इरकली लुगड्याचे गाव. फरशीचा हिरवट-निळसर कोटा राजस्थानातील रामगंजमंडीकडचा, शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातील आणि काळा कडप्पा आंध्रातील. म्हणून दुकानात भाव विचारताना हा दगड कोठला, आणि भावात गाडीभाडे व उतराई धरली आहे काय, हे आधी विचारावे.

कोणता दगड कोठे?

मार्बल हा चुन्याच्या जातीचा दगड आहे. दिसायला सुंदर आणि पायाला थंड, पण मऊ. लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड पडले की त्याची चमक जाते आणि तेथे कायमचा डाग राहतो. हळद, तेल आणि खर्ऱ्याची थुंकी तो पिऊन घेतो. शेतातून काळ्या मातीचे पाय घेऊन माणसे घरात येत असतील, तर पांढरा मार्बल घरातील बाईला दिवसभर पोछा मारायला लावतो. बसल्यावर त्याला मशीनने घासून पॉलिश करावे लागते, तो खर्च निराळा.

ग्रॅनाइट कठीण असतो. त्यावर सहसा चरे पडत नाहीत, लिंबाने चमक जात नाही आणि पॉलिश कारखान्यातूनच होऊन येते. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्याला ग्रॅनाइट उत्तम. कडप्पा स्वस्त पडतो, पण तोही चुनखडकच आहे. मांडणीला तो चालतो, ओट्यावर आंबट पदार्थांनी खराब होतो.

बसाउठायच्या खोलीत आणि पडवीत कोटा टाकला तर कमीपणा नाही. कोटा वर्षानुवर्षे टिकतो आणि झिजला तर पुन्हा घासता येतो. मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्सही पुसायला सोप्या आणि त्यांना पॉलिशचा खर्च नाही. फक्त खाली पोकळी राहिली तर त्या तडकतात.

बाहेरच्या पायऱ्यांना गुळगुळीत काळा ग्रॅनाइट लावू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि पावसात म्हातारी माणसे त्यावरून घसरतात. पायरीला खरबरीत दगड घ्यावा किंवा कडेला खाचा पाडून घ्याव्यात. मोरीतही तसेच.

काही ठिकाणी अमुक रंगाचा दगड अमुक दिशेला अशुभ, असेही सांगतात. दगडाला दिशा कळत नाही. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

काळी जमीन आणि खारे पाणी

वऱ्हाडच्या कापसाच्या काळ्या मातीचा स्वभाव आपणास ठाऊक आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेताला हातभर भेगा पडतात. तीच माती घराखाली असते. तिच्यावर थेट फरशी बसवली तर दोन-तीन पावसाळ्यांत मधली जमीन खचते, सांधे उघडतात आणि महागातल्या महाग लादीला तडा जातो. दोष दगडाला लागतो, खरा दोष भरावाचा असतो.

यासाठी खोलीतील काळी माती शक्य तितकी काढावी. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून घ्यावा. त्यावर दगडाची सोलिंग आणि काँक्रीटचा थर द्यावा. तो मुरेपर्यंत पाणी मारत राहावे. गृहप्रवेश १४ ऑक्टोबरलाच करायचा म्हणून आठ दिवसांत सर्व उरकू नये. तारीख पुढच्या वर्षीही येते, खचलेली फरशी मात्र उखडावीच लागते.

दुसरी बाब पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या बाजूला, जमिनीतले पाणी खारे आहे. असे पाणी मसाल्यात वापरले की पुढे क्षार वर येतात आणि दगडावर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते. पुसले तरी ते पुन्हा उमटते. बांधकामाच्या पाण्याविषयी भारतीय मानक ४५६ आहे. त्यानुसार सळईच्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड चालत नाही. मसाल्यासाठी नळाचे गोडे पाणी टाकीत साठवून वापरावे. पांढऱ्या मार्बलखाली पांढऱ्या सिमेंटचा घोळ द्यावा, नाही तर खालचा करडा रंग वर दिसतो. हिरवा मार्बल ओल्या मसाल्यावर बसवला तर वाकतो, हेही मिस्त्रीला आधीच सांगावे.

दुकानात काय पाहावे?

दिवसाच्या उजेडात लादी उभी करून पाहावी. ओला हात फिरवला की केसासारखी भेग लगेच दिसते. मागून जाळी चिकटवली असेल तर कारण विचारावे. बहुधा दगड कमजोर असतो. लादीच्या मागील बाजूस पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच शोषला गेला तर दगड डाग धरणार. काळ्या ग्रॅनाइटवर नेलपॉलिश काढण्याचे द्रावण पांढऱ्या कापडाने घासावे. कापड काळे झाले तर रंग वरून दिलेला आहे. जाडी टेपने मोजावी. ओट्याला १८ ते २० मिलिमीटर असावी.

आता माप. येथे शिकल्या-सवरलेल्या माणसाचीही फसगत होते. ७ फूट ६ इंच लांब आणि ३ फूट ४ इंच रुंद लादी बरोबर २५ चौरस फूट भरते. पण कोणी ७.६ गुणिले ३.४ असे मांडले तर उत्तर २५.८४ येते. इंच हे फुटाचे बारावे भाग आहेत, दहावे नव्हेत. अशा २० लाद्यांत जवळजवळ १७ चौरस फुटांचे पैसे फुकट जातात. घरातील शाळकरी मुलीला सोबत न्यावे आणि हिशेब तिच्याकडूनच करवून घ्यावा.

खोलीचा हिशेब असा. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. भिंतीलगतची चार इंची पट्टी, जिला मिस्त्री स्कर्टिंग म्हणतात, दाराचे ३ फूट वजा जाता ४१ फुटांची होते. तिचे सुमारे १४ चौरस फूट. एकूण १३४. त्यावर कापणी-मोडतोडीचे १० टक्के धरून १४८ मागवावे. दगडाच्या भावात गाडीभाडे, सिमेंट-रेती, बसवणूक आणि पॉलिश मिळवून चौरस फुटाचा एकच पक्का भाव काढावा आणि मगच दोन दगडांची तुलना करावी. बिल जीएसटीसह पक्के घ्यावे.

आणि कर्जाचा विचार. समजा, फरशीसाठी शेकडा २ रुपये दरमहा व्याजाने ४०,००० रुपये काढले. मुद्दल न फेडता नुसते व्याज भरले तरी महिन्याला ८०० आणि दोन वर्षांत १९,२०० रुपये जातात. तेवढ्यात मुलाची शिकवणी आणि पुस्तके निघतात. घरकुल योजनेच्या २६९ चौरस फुटांच्या घरात खाली पक्का भराव, वर कोटा आणि ओट्याला तेवढा ग्रॅनाइट एवढे पुरेसे आहे. बाकी पुढे पाहता येते.

कापणाऱ्याचा जीव

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दगड कापणारा, घासणारा माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा. ग्रॅनाइट कोरडा कापला की जी भुकटी उडते तिच्यात सिलिका असते. ती फुफ्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि त्याला बरे करणारे औषध नाही. दगडखाणींच्या राजस्थानात सरकारला २०१९ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र धोरण करावे लागले. कारखान्यात क्वार्ट्झपासून बनवलेल्या ओट्याच्या दगडात सिलिका ९० टक्क्यांवर असते. ऑस्ट्रेलियाने तो १ जुलै २०२४ पासून बंदच केला.

म्हणून घरमालक या नात्याने आपण तीन गोष्टी पाळाव्यात. कापणी पाणी सोडूनच करवून घ्यावी, लेकरे जवळ असताना करू नये आणि मिस्त्रीला चांगला एन-९५ मास्क द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक भुकटी अडवत नाही. तसेच वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. आपल्या मिस्त्रीची आणि त्याच्या मजुरांची नोंदणी झाली आहे काय, हे विचारावे. नसेल तर ९० दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र मिळवण्यास त्यांना मदत करावी. वस्तीत दोन-चार शिकलेल्या तरुणांनी मनावर घेतले तर एका रविवारी वीस अर्ज भरून होतात.

फरशीचा भाव आपण घासाघीस करून ठरवतो. ती बसवणाऱ्याच्या श्वासाची किंमतही त्याच कागदावर मांडली पाहिजे. एक मास्क आणि पाण्याची एक बादली, एवढाच तो खर्च आहे.