उचलीची ओळ

गुजरातेतल्या बारडोलीत ऊसतोडीचा हंगाम लागला की बाजारात खानदेशी बोली कानावर पडू लागते. नंदुरबार-धुळ्याकडच्या टोळ्या इथं कित्येक दशकं येत आहेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी त्यांच्या हालअपेष्टांवर १९७८ मध्येच सविस्तर लिहिलं होतं. मी ज्या वेब ॲपवर काम करतो, त्यात अशाच टोळ्यांचा हिशेब असतो: काट्यावरचं वजन, कोयत्यांची (तोडणीच्या जोड्यांची) मजुरी, मुकादमाने घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) आणि तिची कपात. आकडेमोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट बहुतेक सगळेच लिहितात. पान दाखवणारं टेम्प्लेट मात्र ‘उघडून बघू की’ म्हणून सोडून दिलं जातं. मला ते पटत नाही. मुकादमाला डेटाबेस दिसत नाही. पावतीवर जे उमटतं, तेवढाच त्याचा हिशेब.

आमचं ॲप जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कवर चालतं. टेम्प्लेटमध्ये लिहिलेलं नाव त्याला सापडलं नाही, तर जँगो ओरडत नाही. त्या जागी काहीच न छापता पुढे जातो. समजा, कुणी पायथनच्या कोडमध्ये ‘उचल’ या रकमेचं नाव बदललं आणि टेम्प्लेटमध्ये जुनंच राहिलं. पान उघडतं, सर्व्हर २०० हा ‘सगळं ठीक’चा आकडा देतो, एकूण रक्कमही बरोबर असते, फक्त उचलीपुढची जागा कोरी. त्यातही ती ओळ ‘उचल असेल तरच दाखव’ अशा अटीत असेल, तर कोरी जागासुद्धा राहत नाही. अख्खी ओळच जाते. हातात पडणारी रक्कम कमी का, हे सांगणारी एकमेव ओळ तीच असते.

यावर जँगोत एक सोय आहे. सापडत नसलेल्या नावाच्या जागी आपण ठरवलेला मजकूर छापायला सांगता येतो, म्हणजे टेस्टला तो मजकूर शोधता येतो. पण अटीच्या आत ही सोय उपयोगी पडत नाही, तिथे न सापडलेलं नाव ‘काही नाही’ असंच धरलं जातं. म्हणून ‘चुकीचं काही दिसत नाही ना’ एवढं विचारून भागत नाही. ‘जे दिसायलाच हवं ते दिसतंय का’ हे विचारावं लागतं.

काय दिसायला हवं, हे कोड वाचून कळत नाही. एका मुकादमाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, मी आधी उचल बघतो, मग वजन. बाकीचं नंतर.” माझ्या टेस्टचा क्रमही तोच आहे.

इथे सांगताना मात्र वजनाची टेस्ट आधी घेतो. भरलेली गाडी १८.६४० टन, रिकामी ६.२१५, निव्वळ १२.४२५. ही नोंद टेम्प्लेटला द्यायची, पान तयार करायचं आणि प्रत्येक आकडा आपल्याच नावापुढे आहे का ते पाहायचं. तिन्ही आकडे पानावर कुठेतरी आहेत, एवढ्यावर समाधान मानलं तर भरलेलं आणि रिकामं यांची अदलाबदल झाली तरी टेस्ट हिरवीच, म्हणजे पास, राहील. मग टेम्प्लेटमधली निव्वळ वजनाची ओळ मी मुद्दाम काढतो आणि टेस्ट चालवतो. ती लाल, म्हणजे नापास, झाली की ओळ परत जागेवर. जी टेस्ट लाल होताना पाहिलेली नाही, तिच्यावर माझा भरवसा बसत नाही.

उचलीची रक्कम १,२०,००० अशी छापली गेली पाहिजे. हजारानंतर दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम देण्याची सोय जँगोत १.११ या आवृत्तीपासून आहे, पण सेटिंगमध्ये ती सांगावी लागते. सेटिंग कुणी हलवलं तर १२०,००० दिसतं, आणि लाखात मोजणारा माणूस त्या आकड्यापाशी अडखळतो. यासाठी वेगळी टेस्ट आहे. पावती गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत निघते, म्हणून सगळ्या टेस्ट दोनदा चालतात. एखाद्या शब्दाचं भाषांतर राहिलं असेल तर तिथेच सापडतं.

संपूर्ण पानाची प्रत साठवून पुढच्या वेळी अक्षर न् अक्षर ताडून बघण्याची पद्धतही आहे. मी ती वापरत नाही. बटणाचा रंग बदलला तरी ती टेस्ट मोडते. आठवड्यात चारदा मोडली की लोक न वाचताच नवी प्रत मंजूर करतात, आणि त्याच गठ्ठ्यात उचलीची ओळ गेलेली असली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या टेस्टना एचटीएमएल कळतं, कागद कळत नाही. टोळीचं नाव लांबलचक असलं आणि त्यामुळे निव्वळ वजन पावतीच्या कडेबाहेर गेलं, तरी त्यांच्या लेखी सगळं ठीकच असतं. त्यासाठी खरा ब्राउझर चालवणारं प्लेराइटसारखं साधन लागतं. ते सावकाश चालतं, म्हणून मी ते फक्त छापायच्या पावतीपुरतं ठेवलं आहे, आणि त्यात नाव मुद्दाम सगळ्यात लांब दिलं आहे.