सुट्टी कुणाची, कंटेंट कुणाचा?

खरं सांगा, मागच्या फॅमिली ट्रिपमधला कुठला क्षण तुम्हाला फोनची गॅलरी न उघडता आठवतो? पटकन आठवला असेल तर तुम्ही सुखी आहात. मला गेल्या वर्षीच्या गावच्या यात्रेतला एकच आठवतो आणि तो काही अभिमानाने सांगण्यासारखा नाही. तरी सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण आत्ता त्याच रस्त्यावर आहेत.

आम्ही घणसोलीत राहतो. आप्पा माथाडी कामगार, वाशीच्या एपीएमसीत दाणा बंदरला टोळीत काम करतात. मूळ गाव साताऱ्याकडे, पाटण तालुक्यात. घणसोली-कोपरखैरण्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. चैत्रातल्या यात्रा जवळ आल्या की पाटण-ढेबेवाडीच्या ट्रॅव्हल्स भरभरून निघतात. आमच्याकडे फॅमिली हॉलिडे म्हणजे गोवा नाही, मनाली नाही. यात्रेचे तीन दिवस. बस्स.

गेल्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेज सांभाळून एका छोट्या एजन्सीसाठी दोन क्लायंटची इन्स्टा अकाउंट बघायचे. शिवाय स्वतःचं लिंक्डइन होतंच. ‘कन्सिस्टन्सी हवी, रोज एक पोस्ट गेलीच पाहिजे’ हे इतक्यांदा ऐकलं होतं, की एक दिवस चुकला तरी पाप केल्यासारखं वाटायचं. गावात रेंज फक्त शाळेच्या मागे. पालखी आमच्या दारात आली तेव्हा मी तिथे उभी राहून एका कॅप्शनमधला एक शब्द तिसऱ्यांदा बदलत होते. इकडे आजी ओवाळणीचं ताट घेऊन ‘पोरगी कुठाय, पोरगी कुठाय’ करत थांबलेली. मी पोचले तोवर पालखी पुढच्या आळीला गेली होती. अंगणात नुसता गुलाल.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. संध्याकाळी आप्पा मागच्या दारी अंघोळ करत होते. पाठीवर, मानेखाली पोती वाहून वाहून पडलेला घट्टा उन्हात स्पष्ट दिसत होता. मी रील काढलं. खाली लिहिलं, ‘पन्नास किलोचं पोतं उचलणाऱ्या माझ्या वडिलांनी मला हसल शिकवलं.’ लाइक्स धो धो आले. एका कंपनीच्या एचआरची कमेंट आली. मी खूश.

चुलतभावाने ते आप्पांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाले, “बाळा, तिकडं मी हमाल हायेच की वर्षभर. हितं मी पालखीला खांदा द्यायला येतो. तू हितं पण मला हमालच केलंस.”

रील डिलीट केलं. झोप लागली नाही.

गंमत बघा. ‘स्वतःचा ब्रँड बनवा’ हा सल्ला इन्स्टाग्रामच्याही आधीचा आहे. १९९७ मध्ये टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकाने ‘फास्ट कंपनी’ मासिकात लेख लिहून सांगितलं, की आता प्रत्येकाने स्वतःला ब्रँड समजावं, आपल्या कंपनीचा सीईओ आपणच. तेव्हा लिंक्डइन यायला सहा वर्षं बाकी होती आणि इन्स्टाग्राम यायला तेरा. म्हणजे कल्पना आधी आली, दुकान मांडायची जागा नंतर.

आणि मी त्या कल्पनेला नावं ठेवणार नाही. ज्यांच्या घरात कुणाची ओळख नाही, मामा-काका कुठल्या कंपनीत मॅनेजर नाहीत, त्यांच्यासाठी हे प्रोफाइल हीच ओळख असते. मला दोन्ही कामं इन्स्टावरूनच मिळाली. ब्रँड नको म्हणणं आमच्यासारख्यांना परवडत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. दुकानाला निदान शटर असतं. आपला ब्रँड मात्र आपण चोवीस तास उघडा ठेवतो आणि माल संपला की घरातलं काहीही काउंटरवर मांडतो. आजीच्या हातची भाकरी, आईचं रडणं, बाबांची पाठ. त्यांना विचारतो का आपण?

त्या रात्रीनंतर मी सुट्टीबद्दल वाचायला लागले. आपण तिला किती गृहीत धरतो! मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन रविवारच्या सुट्टीची मागणी केली. मालकांनी कानाडोळा केला. सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० ला, महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषण केलं. त्यानंतर १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवार मिळाला. तुमचा-माझा संडे फुकट आलेला नाही.

माथाड्यांचंही तेच. माथ्यावर, पाठीवर ओझं वाहणाऱ्या या माणसांना ना नोंदणी होती, ना हक्काची रजा. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं, संप-मोर्चे झाले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. मग बोर्ड, फंड, भरपगारी रजा. आप्पा यात्रेला येतात ती रजा अशी मिळालेली आहे. आणि मी त्याच तीन दिवसांत त्यांना पुन्हा कामाला लावलं होतं, माझ्या ब्रँडसाठी!

तुम्ही म्हणाल, हे फ्रीलान्सवाल्यांचं झालं. तसं नाही. ऐरोलीत, महाप्यात नोकरीला लागलेल्या सीनियर्सना विचारून बघा, अलिबागला जातानाही लॅपटॉप बॅगेत असतो की नाही. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा आपण भरपूर मीम्स केले. पण दोन रील्स, चार स्टोऱ्या, डीएमना उत्तरं आणि ‘बेस्ट टाइम टू पोस्ट’साठी लावलेला अलार्म हे सगळे तास मोजले तर आपले किती भरतील? आपल्याला तर कुणी सांगितलेलंही नाही. मालकही आपणच, मजूरही आपणच. मोर्चा कुणावर काढायचा?

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून मोकळं राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असंच एक खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. तोवर आपला कायदा आपणच करायला हवा. मी केलेला सांगते. पटला तर घ्या, नाहीतर तुमचा बनवा.

पहिलं कलम : काम घेतानाच क्लायंटला सुट्टीच्या तारखा मेलवर लिहून द्यायच्या. मी घाबरत घाबरत दिल्या. एकाने कुरकुर केली, दुसरा म्हणाला, ‘ओके, एन्जॉय.’ काम कुणाचंच गेलं नाही.

दुसरं : पोस्ट आधीच शेड्यूल करायच्या. ही सोय अ‍ॅपमध्येच आहे, आपण वापरत नाही इतकंच.

तिसरं : घरच्या कुणाचाही फोटो टाकण्याआधी त्यांना दाखवायचा, कॅप्शनसकट वाचून दाखवायचा. ‘टाक की, काय होतंय’ असं फोटो न बघताच म्हणाले तर ते हो धरायचं नाही.

चौथं : सुट्टीचं काही टाकायचंच असेल तर परत आल्यावर. चार दिवसांनी पालखी शिळी होत नाही.

आणि पाचवं, सगळ्यात अवघड : काही गोष्टींचा फोटो काढायचाच नाही.

रोज पोस्ट न टाकल्यामुळे माझा रीच पडला. खोटं कशाला बोलू, पहिले दोन आठवडे फार टोचलं. पण पोर्टफोलिओत ठेवण्यासारखी कामं वाढली, कारण आता कामाला वेळ मिळतो. इंटरव्ह्यूतही मला ‘रोज पोस्ट करतेस का’ असं कुणी विचारलं नाही. ‘काय बनवलंस ते दाखव’ असंच म्हणाले.

यंदा यात्रेला पालखी दारात आली तेव्हा मी ताट धरून आजीशेजारी उभी होते. फोन आत, तांदळाच्या डब्यावर. आप्पा पुढच्या दांडीला होते. ओवाळताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. कसे हसले, ते तुम्हाला दाखवता येणार नाही. फोटो नाही.