दोन नळ्यांची हौस

हिवाळी सुट्टीत माझा भाचा वाक्वाला आमच्या घरी राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने विषय काढला, "मामा, आजोबांच्या पिकअपला धुराच्या दोन नळ्या बसवू या का? एक डावीकडे, एक उजवीकडे!"

ही पिकअप वयाने माझ्याएवढीच आहे. चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि मागे उघडा हौदा. बाबांनी तिच्यातून वर्षानुवर्षे शूशू आणि कोबी बाजारात नेला. आमचा गणपतीही दरवर्षी तिच्यातूनच समुद्रावर जातो. भाचा एका गॅरेजमध्ये वेल्डिंग शिकतो आहे. नवी विद्या आली की हात स्वस्थ बसत नाहीत, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

"करू या," मी म्हणालो, "पण दोन नळ्या कशासाठी, ते आधी मला समजावून सांग."

"इंजिनाचा जोर वाढतो, मामा. आणि आवाज कसा दमदार येतो!"

आवाजाचे खरे होते. जोराचे मात्र तपासून पाहायला हवे होते. ही हौस मूळची अमेरिकेची. फोर्ड कंपनीने १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशी आठ सिलिंडरची व्ही-८ मोटार बाजारात आणली. अशा इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात आणि प्रत्येक रांगेचा धूर आपापल्या बाजूने निघतो. खर्च वाचावा म्हणून पुष्कळ गाड्यांत दोन्ही बाजूंचा धूर पुढे एकाच नळीत सोडत. हौशी तरुणांनी दोन्ही वाटा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या, तेव्हा इंजिनाला उच्छ्वास टाकणे सोपे झाले. तेथे दोन नळ्यांना अर्थ होता.

आमच्या इंजिनात चारही सिलिंडर एकाच रांगेत आहेत आणि त्यांचा धूर एकाच ठिकाणी गोळा होतो. येथे दोन नळ्या म्हणजे एकाच नळीला पुढे फोडलेला फाटा. मी कागदावर गणित मांडले. आतून ४० मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्यांत धुराला जेवढी वाट मिळते, तेवढीच सुमारे ५७ मिलिमीटरच्या एका नळीत मिळते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने नळीतून जाते. लहान इंजिनाची उष्णता दोन नळ्यांत वाटली गेली की नळ्या लवकर तापत नाहीत, पाणी आत साचते आणि आतून गंज धरतो. बाहेरून गंजवायला आपल्या बेटावर समुद्राची हवा आहेच.

भाचा थोडा हिरमुसला. तरी म्हणाला, "निदान जुनी नळी कशी आहे ती तरी पाहू."

गाडी सपाट जागी जॅकवर उचलली, खाली भक्कम स्टँड लावले आणि तो खाली शिरला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "मामा, इकडे या."

सायलेन्सरच्या वरच्या बाजूला, नेमके हौद्याखाली, बोट जाईल एवढे भोक पडले होते. कडा जुन्या गंजाने काळ्या झाल्या होत्या. त्याच्यावर हौद्याचा पत्राही फुटला होता.

तो बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी विसर्जनाहून येताना मला उलटी झाली होती, आठवते?"

मला आठवत होते. पाऊस लागला म्हणून मीच मुलांना हौद्यात बसवून वरून ताडपत्री ओढली होती. घरी आलो तेव्हा तिघांची डोकी दुखत होती. धाकटी तर इतकी गाढ झोपली होती की तिला उचलून आत न्यावे लागले. मी दोष उन्हाला दिला, मोदकांना दिला. दुसऱ्या दिवशी सगळे बरे झाले आणि मी ते विसरलो. वर्गात ज्वलनाचा पाठ शिकवणारा मी, त्या ताडपत्रीखाली काय साठत होते याचा विचारही मी केला नाही.

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे त्याला धरते, म्हणून श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूला मुकते. डोकेदुखी, मळमळ, गुंगी आणि मग झोप, असा त्याचा क्रम असतो. काही वेळा त्या झोपेतून माणूस उठत नाही. रस्ता आणखी लांबला असता तर? पुढचे मला लिहवत नाही.

त्या रात्री जेवताना मी बाबांना सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नळी जुनी झाली ते मला ठाऊक होते. चालते आहे तोवर चालू दे, म्हटले. चूक माझीही आहे. पोराला करू दे त्याच्या मनासारखे, पण नीट करू दे."

हौसेला मोल नसते म्हणतात. आम्ही दोन नळ्या बसवल्याच, पण कापण्याआधी फिटनेस तपासणाऱ्यांना विचारून आलो. गॅरेजच्या उस्तादांनी सांगितलेले नियम ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी देतो. नळी ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पोलादाची घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची नळी स्वस्त पडते, पण वेल्डिंग करताना तिचा धूर छातीत जाऊन ताप भरतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी जाऊ देऊ नये. टाकी, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची तार यांच्यापासून अंतर ठेवावे. ओझ्याने पाटे दबतात तेव्हा मागचा आस वर येतो, त्यालाही जागा सोडावी. नळ्या रबरी पट्ट्यांनी टांगाव्यात, कारण इंजिन हलते आणि घट्ट बांधलेली नळी सांध्याला चिरते. आधी जागोजागी टाके घालून सगळे बसते का ते पाहावे, मगच पक्के वेल्डिंग करावे. दोन्ही नळ्यांना सायलेन्सर हवाच. आणि दोन्हींची तोंडे हौद्याच्या मागे, कडेच्या बाहेर निघाली पाहिजेत. हौद्याखाली संपवलेली नळी शोभेची नव्हे, घाताची.

शेवटी परीक्षा. इंजिन थंड असताना मोकळ्या जागी चालू केले. भाच्याने हातमोजे घालून दोन्ही तोंडांवर क्षणभर जाड फडके दाबले आणि मी प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडले. एका सांध्यावर बुडबुडे आले. त्याने तो सांधा पुन्हा जोडला. दुसऱ्या खेपेला बुडबुडा नाही. हौद्याचा पत्राही बदलला.

जोर वाढला का? मला तर काही फरक दिसला नाही. आवाज थोडा भारदस्त झाला आहे, पण शेजाऱ्यांची झोप मोडेल असा नाही.

यंदा विसर्जनाला हौद्यात फक्त गणपती होता. मुले बसने आली. समुद्रावर पोचल्यावर धाकटीने विचारले, "आम्हाला मागे का नाही बसू दिले?" मी उत्तर देण्याआधीच भाचा तिला गाडीपाशी घेऊन गेला आणि खाली वाकून एकेक सांधा दाखवू लागला. बाबा गाडीला टेकून ऐकत होते. मीही ऐकत राहिलो. त्याने पाठ माझ्यापेक्षा चांगला शिकवला.